नववीच्या मुलांना आंबील ओढ्यावर न्यावं का?

भूगोलवाली: नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. आमची मुलं त्याचा प्रकल्प म्हणजे दुकानातली चित्रं चिकटवून वही भरतात. आणि आमच्या पुण्यातल्या शाळेच्या मागून आंबील ओढा वाहतो! कात्रजकडून येतो, मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घरांत शिरला, माणसं दगावली. वर्षभर एका वर्गाने हाच ओढा अभ्यासावा. कुठल्या पुलाखाली पाण्याला किती वाट आहे, राडारोडा कुठे टाकला जातो, त्या रात्री पाणी भिंतीवर कुठवर चढलं, हे मोजून नकाशा करावा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यावा.

नववीची_आई: मॅडम, मोजमाप हे महापालिकेचं काम. त्यासाठी अभियंते पगार घेतात, मुलं कशाला फुकट राबवायची? पावसाळ्यात ओढ्याकाठी पाय घसरला तर जबाबदार कोण? आणि पुढच्या वर्षी बोर्ड आहे.

भूगोलवाली: पावसाळ्यात पाण्याजवळ एकही मूल जाणार नाही. मोजणी डिसेंबर-जानेवारीत, पालक सोबत. बोर्डाचं म्हणाल तर नकाशावाचन आणि प्रमाण काढायला याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

वर्ध्याचा_चाहता: 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तीही हाताने काम करत शिकण्याचीच. मॅडमना पाठिंबा.

ओढ्याकाठचा: मी त्या काठावरच राहतो, म्हणून बोलतो. पुरानंतर बरेच जण आले. फॉर्म भरून घेतले, फोटो काढले, आमच्या आईला त्या रात्रीचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. नंतर कोणी फिरकलं नाही. आमचं दुःख म्हणजे तुमच्या मुलांचा गृहपाठ नाही.

भूगोलवाली: दादा, बरोबर आहे तुमचं. मग प्रश्न वस्तीनेच ठरवावेत. नकाशाची पहिली प्रत तुमच्याकडे, कार्यालयात जाताना तुमची माणसं पुढे, मुलं मागे.

ओढ्याकाठचा: पाणी वाढायला लागलं की वरच्या वस्तीने खालच्यांना कसं कळवायचं, तेवढं आधी बसवा. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, रात्री कोणाचा फोन लागतो, ही यादी आम्हाला हवी आहे. ती वस्तीतच राहील, शाळेत नाही.

नववीची_आई: यादीचं काम घरी बसून होईल का? तसं असेल तर माझी हरकत नाही. ओढ्यात उतरायला मात्र मी सही देणार नाही.

भूगोलवाली: घरी बसून नाही होणार, ताई. दारोदार जावं लागेल. तुम्ही सोबत याल का?