रसाळगड-सुमारगड-महिपतगड: दोन दिवसांत तिन्ही माथे होतील का?

प्रश्न: डिसेंबरात खेडकडून जायचंय. पाणी किती घ्यावं? वाट कुठे चुकते?

उत्तर १: होतात. रसाळगडावर झोलाईच्या देवळात मुक्काम करा आणि उजाडताच सुमारगडाची वाट धरा. माणशी ४ लिटर पाणी हवंच. गडावरच्या कातळटाक्यांतलं पाणी गाळून, उकळूनच प्या. वाट चुकते ती सुमारगडाआधीच्या रानात. ढोरवाटा मळलेल्या, रुंद दिसतात आणि कारवीच्या झुडपांत नेऊन सोडतात. १५ मिनिटं चाललात तरी वाट डोंगराच्या धारेकडे चढत नसेल, तर मागे फिरा. गावातला वाटाड्या घेतलात तर उत्तमच.

उत्तर २: कोकणातून चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, त्यात दमट हवा. नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येतात, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवा. वाळलेलं गवत मुरमावर आडवं पडतं, बूट त्यावरून सरकतो. उतरताना पाऊल आडवं टाका. सुमारगडाच्या कातळासाठी दोर असू द्या.

उत्तर ३: माथ्यांची यादी भरायच्या घाईत महिपतगड अर्धा सोडू नका, पठार प्रचंड आहे. समोर मकरंदगड, खाली जगबुडी नदीचं खोरं! त्यासाठी तरी एक अख्खी सकाळ राखून ठेवा.