गार्डनमध्ये सासूबाईंच्या आठवणीत शेवंतीचा वाफा लावायचाय, कोणाला विचारायचं?

रेवा_नेरूळ
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये सासूबाईंना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध घरी करूच, पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना बघता येईल असं काहीतरी त्यांच्या आठवणीत करायचंय. रोज सकाळी त्या आमच्या सेक्टरच्या गार्डनला चक्कर मारायच्या आणि शेवंती म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून तिथल्या एका वाफ्याचा या सीझनचा खर्च आपण द्यावा असं माझ्या मनात आहे. दीर म्हणतात बाक देऊया, त्यावर नाव राहतं, फुलं काय दोन महिन्यांत संपतात. मला पटत नाहीये पण त्यांना काय सांगावं तेही सुचत नाहीये. परवानगी कोण देतं? आणि आत्ता ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर डिसेंबरला फुलं येतील का?

सानपाडा_सकाळ
ताई, आधी गार्डन कोणाचं आहे ते बघा. नेरूळमध्ये बहुतेक महापालिकेचंच असेल, पण खारघरचं सेंट्रल पार्क सिडकोचं, त्यामुळे गेटवरच्या बोर्डावर नाव वाचून मगच अर्ज करा. महापालिकेचं असेल तर उद्यान विभागाच्या नावाने साधा अर्ज, एक प्रत विभाग कार्यालयात देऊन पोच घ्यायची. कुठला वाफा, साधारण किती लांब-रुंद, कुठली रोपं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, सगळं लिहा. चौक आणि दुभाजक कंपन्या सांभाळायला घेतात ते आपण बघतोच, तशीच विनंती घरगुती पातळीवर करायची. माळ्याच्या हातात रोख देऊ नका, तो बिचारा अडचणीत येतो. पैसे घेता येत नाहीत म्हणाले तर रोपं आणि खत द्यायची तयारी दाखवा.

कुंडीवाला_ठाणे
शेवंतीबद्दल मी सांगतो, घरी बरीच वर्षं लावतोय. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळ्या धरतात, म्हणून आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर हाच तिचा काळ, तुमची तारीख अगदी बरोबर बसते. पण आत्ता पावसात थेट जमिनीत लावू नका, पाणी साचलं की मुळं कुजतात. नर्सरीवाल्याला सांगून पिशव्यांमध्ये रोपं वाढवून घ्या, मधे शेंडे खुडायला लावा म्हणजे झुडूप भरगच्च होतं, आणि पाऊस पूर्ण गेला की वाफ्यात. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, वाफा दिव्याच्या खांबाजवळ घेऊ नका! रात्रभर उजेड पडला की शेवंतीला दिवस मोठाच वाटतो आणि फुलं लांबतात किंवा येतच नाहीत. संध्याकाळनंतर एकदा जाऊन बघून या, कुठल्या कोपऱ्यात अंधार असतो ते.

मोगरा_घणसोली
दिरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही हं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून लोक आठवणीसाठी बाक दत्तक घेतात, त्यावर छोटी पट्टी लावतात. पण तिथेही तो पैसा बाकांच्या आणि पार्कच्या देखभालीला जातो, नुसतं नाव कोरलं आणि झालं असं नाही. मला विचाराल तर खरी भेट देखभालच आहे, मग बाक असो की फुलं. लावायचा खर्च एकदाच, पण पाणी, तण काढणं, सुकलेली फुलं खुडणं हे रोजचं, आणि तिथेच सगळे वाफे मरतात. म्हणून बजेटचा अर्धा भाग आधीच त्यासाठी बाजूला काढा. आणि दोन महिन्यांत संपतात म्हणतात ना, तर त्याच वाफ्याच्या कडेने मोगरा लावा, तो उन्हाळ्यात फुलतो, मागच्या ओलसर बाजूला सोनटक्का, तो पावसाळ्यात, आणि मधे शेवंती हिवाळ्यात. वर्षभर सासूबाईंचा वाफा फुललेला राहील, दिरांनाही दाखवता येईल. नावाची पाटी मात्र परवानगीशिवाय लावू नका, कोणीतरी तक्रार करतं आणि पाटीबरोबर रोपंही जातात.

रेवा_नेरूळ
मोगरा आणि सोनटक्क्याचं वाचून दीर स्वतःच म्हणाले की मग बाक नको, पाण्याचं आणि माळीकामाचं मी बघतो 😊 खूप खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं गार्डनला जाऊन आलो, बकुळीजवळचा वाफा अंधारात आहे पण दुपारी तिथे ऊन किती वेळ राहतं ते बघायला हवं. शेवंतीला किती तास ऊन लागतं?

कुंडीवाला_ठाणे
निदान पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. आणि डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा बकुळ वाफ्याच्या दक्षिणेला असेल तर दिवसभर तिचीच सावली पडेल. तसं असेल तर दुसरा वाफा बघा, अर्ज देण्याआधीच.