किडनीचा एमआरआय: आधी नियमावली की आधी माणसं?

कॉर्टेक्सकर (धागाकर्ता):
किडनीच्या एमआरआयवर संशोधन करणाऱ्यांत गेली काही वर्षं एकच जप चालू आहे: प्रमाणीकरण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१७ ते २०२१ या काळात युरोपात 'पॅरेन्किमा' नावाचं संशोधकांचं जाळं चाललं. दीर्घकालीन किडनीविकारासाठी एमआरआयमधून भरवशाची मापं काढायची, हा उद्देश. त्यातून २०२० च्या सुमारास बोल्ड (ऑक्सिजनचा अंदाज), डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल), एएसएल (रक्तपुरवठा), टी-वन आणि टी-टू मॅपिंग (ऊतीचे चुंबकीय गुणधर्म) अशा एकेका तंत्रासाठी तज्ज्ञांच्या एकमताच्या शिफारशी आल्या. पद्धत डेल्फीची. प्रश्नावली फिरवायची, मतं बघून पुन्हा फिरवायची, ७५ टक्के लोक एका बाजूला आले की ते एकमत.

गरज खरीच आहे. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढल्याचं दिसेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. एमआरआयच्या वेळी टोचतात त्या गॅडोलिनियम या औषधामुळे किडनीच्या रुग्णांची त्वचा कडक होणारा गंभीर आजार होतो हे २००६ मध्ये लक्षात आलं. हल्लीची औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी इंजेक्शन न देता काम भागत असेल तर कोणाला नको आहे?

माझा मुद्दा वेगळा आहे. आकडा बिघडतो तो नियमावलीच्या बाहेर. बोल्ड घ्या. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की डीऑक्सिहिमोग्लोबिन (ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन) वाढतं आणि सिग्नल लवकर विझतो, तो वेग म्हणजे आर-टू-स्टार. आता स्क्रीनवर किडनी उघडा आणि कुठे मोजायचं ते ठरवायला मेड्युलावर (किडनीच्या आतल्या भागावर) हाताने छोटे गोल काढा. निरोगी किडनीत सोपं आहे, कॉर्टेक्स (बाहेरचा भाग) आणि मेड्युला वेगळे दिसतात. आजारी किडनीत ती सीमाच पुसट होत जाते. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याच्याच किडनीत दोन माणसांचे गोल दोन ठिकाणी पडतात. शिफारशींची कितीही पानं छापा, गोल काढणारा हात कोणी तयार केला?

'पॅरेन्किमा'ला पैसा होता 'कॉस्ट' या युरोपीय योजनेचा. कॉस्ट प्रत्यक्ष संशोधनाला पैसे देत नाही. बैठका, प्रशिक्षण शाळा, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस जाऊन शिकणं, याला देते. म्हणजे शिकवण्याची सोय घरातच होती, तरी आज उद्धृत होतात ते शिफारशींचे लेख. शाळा कोणाच्या लक्षात आहेत? आधी माणसं घडवा, नियम त्यांच्या मागे येतील.

मोजपट्टी:
असहमत. घडवणार म्हणजे शिकवणार काय? डिफ्युजनचं उदाहरण घ्या. एडीसी, म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात याचा आकडा, कोणत्या बी-व्हॅल्यू (स्कॅन या हालचालीला किती संवेदनशील ठेवायचा त्याचं सेटिंग) निवडल्या त्यावर ठरतो. किडनीत हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा खेळतो, त्यामुळे खालच्या बी-व्हॅल्यू घेतल्या की रक्ताचा प्रवाहही एडीसीत मिसळतो आणि आकडा फुगतो. त्याच माणसाची तीच किडनी, दुसऱ्या शहरात दुसरं उत्तर. टी-वन तर दीड टेस्लाच्या चुंबकावर एक आणि तीन टेस्लाच्या चुंबकावर दुसरा. यात कोणाच्या हाताचा दोष? जगातला सर्वोत्तम टेक्निशियन बसवला तरी हे फरक मिटत नाहीत, ते कागदावरच मिटवावे लागतात. ब्रिटनमध्ये 'यूकेआरआयएन-मॅप्स' प्रकल्पाने सीमेन्स, फिलिप्स आणि जीई या तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर जुळणारे प्रोटोकॉल बसवले. ते आधी झालं म्हणून पुढे अनेक केंद्रांत मिळून अभ्यास करता येतो.

शाळांचं म्हणाल तर कच्चा प्रोटोकॉल शंभर जणांना शिकवला की शंभर ठिकाणी कच्चं काम होतं.

रात्रपाळी:
मी टेक्निशियन. दोघेही स्क्रीनसमोर बसणारे दिसताय, म्हणून गॅन्ट्रीच्या, म्हणजे पेशंट आत जातो त्या यंत्राच्या बाजूचं सांगते.

प्रोटोकॉलमध्ये एक शब्द असतो, 'ब्रेथ-होल्ड', म्हणजे श्वास रोखणं. बस्स. यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो, श्वास घ्या, थांबा. पण दर वेळी किडनी एकाच जागी हवी असेल तर श्वास सोडून थांबलेलं बरं, कारण पूर्ण श्वास प्रत्येक वेळी वेगवेगळा भरला जातो आणि किडनी सहज एक-दोन सेंटिमीटर सरकते. शिवाय रेकॉर्डिंग इंग्रजी नाहीतर हिंदी. खेड्यातल्या आजी ते ऐकून "हो" म्हणतात, आणि "हो" म्हणताना श्वास सोडतात! म्हणून मी माइक हातात घेते, "आजी, श्वास सोडा... आता घेऊ नका" असं दोन-तीनदा टेबलावरच करून घेते, मगच स्कॅन. ज्यांच्या अंगावर सूज आहे, आडवं झालं की धाप लागते, त्यांना पंधरा सेकंदही जड जातात. त्यात आतड्यातला गॅस किडनीला खेटून असला की बोल्डमध्ये तेवढा भाग काळा.

आणि संशोधनाचा स्लॉट मिळतो कधी, तर ओपीडीची यादी संपल्यावर. तेव्हा पेशंटही दमलेला आणि आम्हीही. धागाकर्त्याशी सहमत, फक्त माणसं घडवताना आम्हालाही धरा. शाळांना जातात पीएचडीवाले. बटण आम्ही दाबतो.

शंकासुर:
वाद रंगलाय, पण सगळे एक प्रश्न गिळताय. बोल्डचा आकडा नक्की काय सांगतो, हे ठरलंय का? २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने ४०० रुग्ण बघितले आणि निष्कर्ष काढला की बोल्ड किडनीचं कार्य दाखवत नाही. आर-टू-स्टार ऑक्सिजनने बदलतो, तसाच पाणी किती प्यायलं, हिमोग्लोबिन किती, यानेही बदलतो. चुकीचं माप सगळीकडे एकसारखं चुकवायचं, यालाच प्रमाणीकरण म्हणायचं का? अर्थ लागायच्या आत नियम बांधले की नवीन काही करून बघणाऱ्यालाच "शिफारशीत बसत नाही" म्हणून परत पाठवतात. लेख परत आलेला असला की हे लगेच कळतं. (अवांतर: कोणाचा, ते विचारू नका.)

कॉर्टेक्सकर:
@शंकासुर, २०१२ चा लेख मान्य. पण मग २०१८ चंही बघा. लोझानच्या गटाने हाताने गोल काढणं सोडून पूर्ण किडनीचे बाहेरून आत बारा थर पाडले आणि थरागणिक आर-टू-स्टार मोजला. ज्यांच्या कॉर्टेक्समध्ये ऑक्सिजन कमी, त्यांचं किडनीकार्य पुढे जास्त घसरलं, असं त्यांना दिसलं. रुग्ण वेगळे, विश्लेषण वेगळं, त्यामुळे दोन्ही निकाल सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. बोल्ड फुकाचं नाही, हे तर १९९६ पासून माहीत आहे. संशोधक प्रसाद यांच्या प्रयोगात फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं, मेड्युलाचं काम आणि ऑक्सिजनचा खर्च कमी करणारं औषध) दिल्यावर मेड्युलाचा आर-टू-स्टार खाली आला होता, शरीरशास्त्राप्रमाणे यायला हवा तसाच.

मोजपट्टी:
म्हणजे थर पाडायची पद्धत संगणकाने केली आणि हात बाजूला झाला! धागाकर्त्यांनी माझाच मुद्दा मांडला.

किडनीडॉक:
नेफ्रोलॉजिस्टच्या (किडनीविकारतज्ज्ञाच्या) खुर्चीतून. किडनीच्या एमआरआयचं एक माप खरोखर रुजलंय आणि त्याचं नाव इथे कोणी घेतलं नाही. पॉलिसिस्टिक किडनीतलं (किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाणाऱ्या आनुवंशिक आजारातलं) एकूण आकारमान. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं वर्गीकरण आलं. उंचीच्या हिशोबात आकारमान आणि वय बघून रुग्ण १ए ते १ई मध्ये टाकायचा. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे माप भविष्य वर्तवणारं म्हणून मान्य केलं. लांबी, रुंदी, जाडी मोजून लंबवर्तुळाच्या सूत्रात घातली तरी वर्ग ठरतो.

रुजलं कशामुळे? टोल्व्हाप्टनमुळे, म्हणजे या आजाराची वाढ मंदावणाऱ्या औषधामुळे. २०१२ च्या चाचणीत १,४४५ रुग्ण होते. आकारमानाची वाढ औषध न मिळालेल्यांत वर्षाला ५.५ टक्के होती, मिळालेल्यांत २.८ टक्के. कोणाला औषध द्यायचं हा प्रश्न समोर होता आणि मापाने त्याला उत्तर दिलं. तुमचा आर-टू-स्टार २२ आला की २८, मी उद्या ओपीडीत कोणती गोळी बदलू, सांगा. त्याचं उत्तर आलं की शाळाही भरतील आणि कागदही येतील. तोवर तीन हजारांची लघवी-रक्ताची तपासणीही रुग्णाला जड जाते, हे विसरू नका.

मोजपट्टी:
डॉक, उदाहरण चांगलंय, पण अर्धंच सांगितलंत. या आकारमानाला आधार मिळाला 'क्रिस्प' अभ्यासातून. अमेरिकेतल्या चार केंद्रांत २४१ रुग्णांचा दरवर्षी एमआरआय, सगळीकडे एकच ठरलेली पद्धत. ते रुग्ण घ्यायला लागले तेव्हा या आजारावर टोल्व्हाप्टनची चाचणीही सुरू नव्हती. आधी मोजायची रीत ठरली, मग ते माप औषधाच्या चाचणीत वापरता आलं.

किडनीडॉक:
मुद्दा घेतला. पण आकारमान डोळ्याला दिसतं, ऑक्सिजन दिसत नाही. क्रिस्पला कोणी "हे नक्की काय मोजताय" असं विचारलं नव्हतं.

रात्रपाळी:
वाद चालू द्या, माझं एक काम करा. बोल्डच्या आधी पेशंटला पाणी पाजायचं की नाही, याची चिठ्ठी दर वेळी वेगळी येते. एका सरांची "उपाशी पोटी", दुसऱ्यांची "नेहमीसारखं प्या". सोमवारी स्लॉट आहे. निदान एका अभ्यासापुरतं तरी कॉर्टेक्सकर आणि मोजपट्टी, तुम्ही दोघं एक काय ते लिहून द्या, मी मराठीत करून पेशंटला फोनवर सांगते.