माळ्यावरचा पीसी खालून कसा चालवायचा?

होटगी रोड: माळ्यावर चादरींच्या हिशेबाचा पीसी आहे, विंडोज १० होम, खाली माझा लॅपटॉप ११ प्रो, वायफाय एकच. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही ओ, म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या मशीनवरून पीसी चालवायची विंडोजची सोय) लावायला गेलो तर पीसीवर ऑप्शनच दिसंना.

जुळे सोलापूर: होम एडिशनमध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं बाहेरून घुसताच येत नाही, प्रो लागतं. उलटं जमतं, वरून लॅपटॉप उघडेल, पण उपयोग काय? क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका, फुकट आहे, पिन किमान सहा आकडी.

सात रस्ता: राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, इंटरनेटला उघडा म्हणलं कुणी तर ऐकू नका. स्लीप बंद करा, नाहीतर माऊस हलवायला जिना चढावा लागतंय, मी दोनदा चढलोय.

होटगी रोड: चाललं! अण्णा वर बसलेले, बाण आपोआप पळतोय बघून त्यांनी थेट मेन स्विचच बंद केला.