थिअरी आणि वॉर्ड वेगळे काढू नका

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाचं वेळापत्रक आखताना आधी थिअरी उरकायची आणि केसेस (वॉर्डातले पेशंट) शेवटी बघायच्या, असं काही जण सुचवतात. वेळापत्रक हवंच, पण ही विभागणी पटत नाही. सकाळी वॉर्डात हर्नियाचा पेशंट उभा करून तपासला, खोकायला लावल्यावर इम्पल्स (फुगवट्याचा धक्का) हाताला लागला, डीप रिंग (जांघेतल्या इन्ग्वायनल कॅनाल या वाटेचं आतलं तोंड) दाबून पाहिली, की त्याच संध्याकाळी त्या कॅनालची अ‍ॅनाटॉमी आणि मेश रिपेअर (जाळी लावून करायचं हर्नियाचं ऑपरेशन) वाचायचं. लाँग केस (प्रात्यक्षिक परीक्षेत सविस्तर तपासून मांडायचा पेशंट) तयार होते आणि पेपरातला प्रश्नही.

आणखी एक. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी सर्जरीच्या पेपरात ऑर्थोही (अस्थिरोग) असतं, मेडिसिनमध्ये त्वचारोग आणि मानसोपचार. बरीच मुलं सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर (कोपराच्या जरा वर हाड मोडणं) हा ऑर्थोचा विषय पेपरच्या आदल्या रात्री उघडतात. ऑर्थोला तक्त्यात स्वतःचे दिवस द्याच.