मदत हवी आहे: हृदयरोगी वडिलांसह अंदमान. हॅवलॉकला रात्री काही झालं तर?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईबाबांना घेऊन अंदमानला जायचं ठरवलंय. बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. शिवाय मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहायचं हे त्यांच्या शाळेपासून मनात आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, त्यामुळे आता पुढे ढकलायचं नाही.

श्री विजयपुरमची, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरची, मला तेवढी धास्ती नाही. जी. बी. पंत रुग्णालय शहरातच आहे. धास्ती आहे ती स्वराज द्वीपच्या (हॅवलॉक) दोन रात्रींची. खाजगी बोटीने दीड तास, सरकारी बोटीने अडीच तास. पण दिवसाची शेवटची बोट सुटली की मध्ये नुसता समुद्र.

गेल्या वर्षी दिवेआगरला बाबांची साखर एकदम उतरली. वाळूत चालता चालता ते थांबले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, बोटं थरथरत होती, आणि मला न ओळखल्यासारखं बघत होते. माझ्या पिशवीत टॉवेल, टोपी, कॅमेरा सगळं होतं, साखर नव्हती. टपरीवाल्या काकांनी डबा उघडून त्यांच्या तळहातावर साखर ओतली, म्हणून निभावलं. ती पाच मिनिटं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

म्हणून विचारते: हॅवलॉकच्या सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात का? ईसीजी निघतो का? छातीत दुखलं तर हेलिकॉप्टर मिळतं असं ऐकलंय, ते कोण ठरवतं? भावाचं म्हणणं, हॅवलॉक सरळ गाळ. जाऊन आलेल्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन जाऊन आलोय. हेलिकॉप्टर आपण फोन करून बोलवायचं नसतं. आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून रुग्णाला हलवायचं ठरवावं लागतं. रुग्णाला प्राधान्य असतं, पण हवामानापुढे इलाज नाही. त्यामुळे दुखायला लागल्यावर 'बघू सकाळपर्यंत' अजिबात नको, तडक दवाखाना. राहायचंच असेल तर राधानगर किनाऱ्याकडे नको, जेट्टीच्या बाजूला राहा. जानेवारीत साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, अंधारात तेवढं अंतर तोडायला लागू नये.

मला मात्र वेगळीच भीती वाटते, बोटीची. समुद्र खवळलेला असेल तर भलेभले उलट्या करतात. सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता केला आणि तो उलटून पडला, की साखर पुन्हा दिवेआगरसारखी उतरणार. त्या दिवसाचा डोस आणि उलटीची गोळी याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ग्लुकोजची पुडी बाबांच्या स्वतःच्या खिशात हवी. चहाचे तीन चमचे द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

छातीत दुखल्यास ऍस्पिरिन किती, जिभेखालची गोळी कधी, हे त्यांच्या हृदयतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. जिभेखालची गोळी बसवूनच द्यायची, रक्तदाब उतरतो. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा. खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही. आणि कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने दमाने चढवा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. उलटी आणि इन्सुलिनचा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. हॅवलॉकची एक रात्र कमी करते आणि मुक्काम जेट्टीजवळ घेते. शनिवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, कागद तेव्हाच लिहून आणते.

एक राहिलं. हॉटेलची वीज गेली तर इन्सुलिन गार ठेवायला कोणी ओल्या कापडात गुंडाळलेलं मातीचं भांडं वापरून पाहिलंय का? प्रवासात जमतं का ते?