प्रतिसाद: रविवारची बाथरूम धुलाई

वर रविवारी अख्खं बाथरूम अ‍ॅसिडने घासायचा सल्ला आलाय. आठवड्याचा एक दिवस ठरवणं पटलं, अ‍ॅसिड नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर फरशीवरचे पांढरे डाग म्हणजे पाणी सुकल्यावर मागे राहिलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी सुकायलाच दिलं नाही तर घासायला फारसं उरत नाही. आमच्याकडे शेवटी आंघोळ करणारा वायपर मारून, नळ कोरड्या फडक्याने पुसून बाहेर येतो. मिनिटभराचं काम, मुलंही कुरकुरत का होईना, करतात. रविवारी मग नुसता साबणाचा हात पुरतो.

तरी जुने डाग असतीलच, तर साध्या टाइल्सवर लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं. मात्र संगमरवर, शहाबादी आणि कडप्प्यावर व्हिनेगर, लिंबू काहीही नको. हे दगड चुन्याचे, आम्लाने पॉलिश कायमचं जातं. (कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड ठेवली की उठणारा डाग तोच!) आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकत्र कधीच वापरू नका, अगदी एकामागोमागही नाही, क्लोरीन वायू तयार होतो. कामवाल्या मावशींनाही हे आवर्जून सांगा, बाटल्या बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतात.